गुरुजींनी कमी लिहिलेली दोन वर्षं

गुरुजी गेल्याचं मला सुपडूनं कळवलं. सकाळी साडेदहाची वेळ होती, ऑफिस नुकतं उघडलं होतं. सुपडू फोनवर तसा फार बोलत नाही. "दिनकर, गुरुजी गेले भो," एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ त्याच्या मागून केळीच्या ट्रकचा आवाज येत राहिला... मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आताच. माईनं चहा ठेवला व्हता समोर, तं पेलेच नाही." त्यानंतर फोन कुणीच ठेवला नाही. त्याला आता सात आठवडे झाले. माई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, सावरल्या आहेत, मी मात्र अजून सावरलेलो नाही, आणि त्याचं कारण निव्वळ दुःख आहे असंही म्हणवत नाही. लोक सांगतात, तुम्ही त्यांचे लाडके विद्यार्थी, त्यांच्यावर लिहा. लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला अडतो. कारण या माणसानं माझ्या बाबतीत जे केलं ते बरोबर होतं की चूक, हेच मला ठरवता येत नाही.

प्रल्हाद गुरुजी आमच्या गावच्या शाळेत आले तेव्हा स्वतः बावीस-तेवीस वर्षांचे असतील. गाव राज्याच्या हद्दीपलीकडचं, घरात मराठी आणि ऑफिसात हिंदी चालणारं; दापोऱ्याच्या पुढे, तापीच्या काठचं, केळीच्या बागांचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे एक कडुनिंब. तेव्हा पोराची जन्मतारीख कुणाच्याच आईबापाला ठाऊक नसे. नाव घालायला नेलं की गुरुजी पोराला समोर उभं करून सांगत, "उजवा हात डोक्यावरून घे अन् डावा कान धर." कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, दाखल करा. पण आमच्याकडची पोरं सहाव्या वर्षी शाळेत यायचीच नाहीत. गुरं, धाकटी भावंडं, बागेतली पडेल ती कामं, यातून सुटता सुटता आठ वर्षांची व्हायची. मी आठचा होतो. सुपडूही आठचा. आम्ही दोघं एकाच पोळ्याचे. माझी आई सांगायची, पोळ्याच्या सकाळी सुपडू झाला आणि संध्याकाळी बैल मिरवून घरी आले तेव्हा तू. आमच्या हातांनी कान तर धरलाच, ते पार मानेपर्यंत गेले. गुरुजी हसले आणि रजिस्टरात दोघांचीही वयं सहा लिहिली, तारीख एक जुलै. माझ्या वडिलांना म्हणाले, "दोन वर्षं खिशात असू द्या दादा. एखाद्या इयत्तेत गचकलं पोरगं, तरी सरकारी नोकरीच्या वयात बसेल." वडिलांनी त्यांच्या पायांना हात लावला होता. रजिस्टराच्या त्या पानावर सतरा नावं आहेत, सतराही जण एक जुलैचे. एकाच दिवशी आमच्या गावात सतरा बाळंतपणं झाली असं सरकार आजही मानतं. आणि हे एकाच वर्षाचं नव्हतं, गुरुजींनी पुढे कित्येक वर्षं असंच चालवलं. गावाला त्यात कौतुकच वाटायचं.

त्या सतरांपैकी सरकारी नोकरी लागली ती फक्त मला. मी दोनदा नापास झालो, पण खिशातली ती दोन वर्षं उपयोगी पडली आणि वयाच्या अटीत अगदी काठावर बसलो. सुपडूनं तिसरीतच शाळा सोडली आणि बागेत घड वाहायला लागला. केळीचा घड किती जड असतो ते फळ सोलून खाणाऱ्याला कळायचं नाही. तो खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रकपर्यंत धावायचं, दिवसभर, आणि हे त्यानं जवळजवळ पन्नास वर्षं केलं. बाकीचे कुणी यंत्रमागावर लागले, कुणी कापूस वेचायला. त्यांचं वय कुणी कधी विचारलं नाही. विचारलं गेलं ते थेट म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या वेळी, आणि ते विचारायला टेबलाच्या या बाजूला बसलेला होतो मी.

पण त्याआधी गुरुजींच्या वेडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिटायर झाल्यावर ते माईंना घेऊन शहरात आले, बुधवाऱ्यात एका कापडदुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन राहू लागले. जिन्याच्या तोंडाशी एक बाकडं टाकलं आणि रोज सकाळी तिथे बसून लोकांचे अर्ज लिहायचे. रेशनचे, दवाखान्याच्या कार्डाचे, घरकुलाचे, पोरांच्या फीमाफीचे. जो येईल त्याला आधी बसवायचे, माई पाणी द्यायच्या, मग विचारायचे, "हं, काय अडलंय?" अर्ज लिहिता लिहिता ते अर्जांवरच चिडत गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. धान्य, औषध, शाळा, डोक्यावर छप्पर आणि म्हातारपणी आधार, या पाच गोष्टी देताना सरकारनं कुणालाही 'तू पात्र आहेस का' असं विचारूच नये. मागेल त्याला द्यावं, सर्वांना द्यावं. मी सरकारी माणूस, मी वाद घालायचो. "गुरुजी, मग चौकातला तो गाडीवाला व्यापारीही रेशनच्या रांगेत येईल." तर म्हणायचे, "येऊ दे की! तो रांगेत आला ना, की तांदळात खडा राहतो का बघ. गरिबांसाठी वेगळं काढलेलं दुकान कसं चालतं ते मी पाहिलंय." मी म्हणायचो, पैसा कुठून आणणार? "त्याच्याकडूनच. कर घेताना चाळणी लाव ना, बारीकातली बारीक लाव. देताना काय लावतोस?" मला हे वेडगळ वाटायचं. आता तितकं वाटत नाही. पण सगळं पटलंय असंही सांगता येत नाही.

एकदा तर त्यांनी ग्रामसभेत ठरावच मांडला. आमच्या गावात या पाच गोष्टींसाठी कुणाला पुरावा मागितला जाऊ नये आणि सरकारनं तसा कायदा करावा. सरपंच त्यांचाच विद्यार्थी. डोकं खाजवत म्हणाला, "पन गुरुजी, मंग आख्खा जिल्हा आपल्याच गावात ऱ्हायले येईन ना." गुरुजी म्हणाले, "येऊ दे. मग जिल्ह्याला करावंच लागेल." सगळे हसले आणि सगळ्यांनी हात वर केले. गुरुजींना नाही कोण म्हणणार? ठराव वर गेला. पाच-सहा महिन्यांनी कुठल्याशा टेबलावरून उत्तर आलं की ठरावासोबत पात्र लाभार्थ्यांची यादी जोडावी. गुरुजींनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी हसलो, तेव्हा तेही हसले. नंतर मात्र दिवसभर बाकड्यावर बसले नाहीत, असं माईंनी सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी, पोळा होऊन थोडे दिवस झाले होते, सुपडू माझ्या ऑफिसात आला. नवा सदरा, खिशात घडी घातलेला शाळेचा दाखला. आला तोच हसत. "साठ पुरे झाले ना भो आपले! आता घड नाही उचलत मी. गुडघा अजिबात साथ देत नाही, मले पेन्शन लावून दे." मी दाखला पाहिला. अठ्ठावन्न. मी म्हणालो, "सुपडू, कागदावर अजून दोन वर्षं बाकी आहेत." त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "पन तुले तं माहीत हाये ना? आपन एकाच पोळ्याचे." हो, मला माहीत होतं. पण माझ्या माहितीला कुठे शिक्का असतो? आधार कार्ड त्याच दाखल्यावरून निघालेलं, रेशनच्या पर्चीतही तीच तारीख. मी त्याला चहा पाजला आणि दोन वर्षांनी ये म्हणून सांगितलं. नियमानं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं होतं. तो दाखला घडी करून खिशात घालत म्हणाला, "मतलब गुरुजींनं मले पोरगंच ठेवलं अजून." तो रागावला नव्हता. त्यानं रागावायला हवं होतं असं मला आता वाटतं.

तो तिथून थेट बुधवाऱ्यात गेला असणार, कारण आठ दिवसांनी गुरुजी स्वतः माझ्या टेबलासमोर येऊन बसले. तेव्हा पंचाहत्तरीचे होते, जिना चढून दम लागलेला. पिशवीतून त्यांनी एक स्टँपपेपर काढला. शपथपत्र होतं, वकिलाकडून करून घेतलेलं, सही-शिक्क्यासकट. त्यात लिहिलं होतं की मी त्या वर्षी दाखल केलेल्या सर्व मुलांची वयं जाणूनबुजून दोन वर्षांनी कमी लिहिली, पुढच्या वर्षांतही तेच केलं, दोष माझा आहे, शिक्षा करायची तर मला करा, पण या लोकांना त्यांचं खरं वय परत द्या. पेन्शनवर जगणारा माणूस स्वतःच्या सहीनं स्वतःला गुन्हेगार ठरवून आला होता. आणि मी काय केलं? माझी नजर 'सर्व मुलांची' या दोन शब्दांवर अडखळली. खोटं कशाला सांगू? त्या सर्वांत मीही आलो. मी कोरड्या आवाजात म्हणालो, "गुरुजी, मूळ रजिस्टर काय म्हणतं ते बघावं लागेल."

"रजिस्टर माझ्याच हातचं आहे रे."

"म्हणूनच तर. तुमचं अक्षर तुमच्याच विरुद्ध जातंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या माझ्या नावाच्या पाटीकडे बघितलं, आणि एकदम विचारलं, "दिनकर, तुझं रिटायरमेंट कधी आहे?" मी म्हणालो, कागदावर बासष्ट पुरे झाले की, पावणेचार वर्षं आहेत अजून. त्यांचे ओठ हलले, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला असावा. मग त्यांनी कागद सावकाश उचलला, घडी केली, पिशवीत ठेवला. "राहू दे मग. माझीच काहीतरी गल्लत झाली," असं म्हणून उठले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो, हात धरून. घरी आल्यावर बायकोला सांगितलं की गुरुजींचं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही, कागद आणतात आणि परत घेऊन जातात. हे मी बोललो आहे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटकेला मी त्यांच्या म्हातारपणाचं नाव दिलं.

सुपडू पुढची दोन वर्षं घड वाहत राहिला. दुसऱ्या वर्षी पाट ओलांडताना घडासकट पडला आणि गुडघा कायमचा गेला. कागदावर साठ पूर्ण झाले तेव्हा तो काठी टेकत ऑफिसात आला आणि मी त्याची पेन्शन एका दिवसात करून दिली. माझ्या तत्परतेचं ऑफिसात कौतुकही झालं. या सगळ्या काळात गुरुजी माझ्याशी पहिल्यासारखेच वागत होते. फक्त मधूनच काहीतरी विचित्र विचारायचे. बाकड्यावर बसल्या बसल्या एकदा म्हणाले, "का रे, शपथपत्रात एखादं नाव सोडून बाकीच्यांचं खरं सांगता येतं का?" मी म्हणालो, "अर्धवट शपथ कोण मानेल गुरुजी?" ते म्हणाले, "हो, तेही खरंच..." आणि दुसऱ्याच कुणाचा अर्ज लिहायला घेतला. मला वाटलं, कुणा तिसऱ्याचंच काम असेल.

तेरावं झाल्यावर माईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुह्या नावाचं काहीतरी हाये त्यांच्या पेटीत, मले काही समजत नाही, तूच पाह्य." एका जुन्या फाईलमध्ये ते पहिलं शपथपत्र होतं, शाबूत. आणि त्याच्याखाली कागदच कागद. वहीची पानं, कॅलेंडरची पाठ, लग्नपत्रिकांची कोरी बाजू. सगळ्यांवर एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला, दर वेळी थोडा बदलून. 'दिनकर वगळून सर्व मुलांची.' मग ते खोडलेलं. 'सर्व मुलांची, दिनकर यांचे वय मात्र बरोबर.' तेही खोडलेलं, बाजूला बारीक अक्षरात: 'हे खोटे आहे.' 'फक्त सुपडूचे.' त्याच्यापुढे: 'पण दिनकर त्याच पोळ्याचा, गावाला माहीत आहे.' असं पानांमागून पान. तीन वर्षं ते हे लिहीत होते. मी जमिनीवरच बसलो. माई म्हणाल्या, "काय लिव्हेल हाये?" मी म्हणालो, काही नाही, माझं नाव आहे. माई म्हणाल्या, "मग रडतो काऊन?" पण मी रडत नव्हतो, पुढचं पान उलटत होतो.

म्हणजे त्यांची गल्लत झालीच नव्हती. माझं रिटायरमेंट विचारून त्यांना कळलं होतं की त्यांनी खरं सांगितलं की मी गेलो. दोन वर्षं आधी घरी, वर चौकशी, कदाचित पेन्शनही अडकली असती. ज्या माणसानं आयुष्यभर सरकारशी एकाच गोष्टीवरून भांडण केलं, की द्यायचं तर सर्वांना, कुणालाही वगळून नाही, त्यानं माझ्यासाठी 'वगळून' हा शब्द शे-दोनशे वेळा लिहून पाहिला. आणि तो बसत नाही म्हणून बाकीच्या सगळ्यांना थांबवून ठेवलं. मला वाचवायला सुपडूचा गुडघा गेला, असं म्हणू? की त्यांनी म्हणायला हवं होतं, दिनकर, तूच सांग? मग मी काय सांगितलं असतं? खरं सांगू, मी नाहीच म्हणालो असतो, आणि ते त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी विचारलं नाही. की त्यांना फक्त माझ्यावर जीव होता, आणि माणसाचा जीव जडला की 'सर्व' म्हणणं जड जातं? आणि तसं असेल, तर गुरुजींचं ते पाच गोष्टींचं म्हणणंच खरं ठरतं ना, की देणं कुणा एकाच्या मर्जीवर, मायेवर, अक्षरावर राहूच नये? का उलट, तेच मोडलं म्हणायचं? मला समजत नाही. सात आठवडे झाले, मला समजत नाही. मी त्यांच्यावर रागावलो आहे आणि मला त्यांची इतकी आठवण येते की बुधवाऱ्यातून जाताना मी रस्ता बदलतो.

मागच्या रविवारी गावी जाऊन मी सुपडूला सगळं सांगितलं, कागदही दाखवले. त्याला वाचता येतं, हळूहळू. तो खाटेवर बसून वाचत राहिला. मग म्हणाला, "बरं, मंग? मले काऊन सांगतं आता?" मी म्हणालो, "तुझी दोन वर्षं माझ्याकडे आहेत सुपडू." तो बराच वेळ गुडघा चोळत बसला. "ते तं झालं. पन आपल्या मागच्या वर्गातल्या पोराईचं काय? ते तं अजून घडच वाहून राहिले ना. त्याईचंबी गुरुजींनंच लिव्हेल हाये." त्यानं एवढंच म्हटलं. शिवी दिली असती तर मी तिथून बरा निघालो असतो.

परवा मी गुरुजींचं ते पहिलं शपथपत्र, 'सर्व' असलेलं, आमच्याच ऑफिसात दाखल केलं. सोबत माझं स्वतःचं जोडलं: मी दिनकर, माझं खरं वय त्रेसष्ट पूर्ण, कागदावरचं वय खोटं आहे आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आवकच्या खिडकीवरच्या मुलीनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, ये सच में जमा करना है?" मी हो म्हणालो. तिनं शिक्का मारला. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. मागच्या वर्गांना त्यांची वर्षं मिळतील की तीही चौकशीत अडकतील, माझी नोकरी या महिन्यात संपेल की जूनमध्ये, काहीच कळत नाही. आणि गुरुजींनी तीन वर्षं जे होऊ नये म्हणून धडपड केली तेच मी एका सकाळी करून टाकलं, हे त्यांना आवडलं असतं का, तेही कळत नाही.

उरलेले कागद मात्र मी जोडले नाहीत. ते घरी माझ्या कपाटात आहेत. रात्रीचं जेवण झालं की बायको म्हणते, पुरे करा आता, आणि तरी मी एखादं पान काढतो. लग्नपत्रिकेच्या पाठीमागे त्यांचं ते गोल, फळ्यावरचं अक्षर, माझं नाव लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. माझ्या आईबापांनीही माझं नाव इतक्या वेळा लिहिलेलं नाही, त्यांना लिहिता येत नव्हतं.